ठोकलेला भाव

६ फेब्रुवारी

तीर्थरूप दादा,

शाळेत शिकवलं होतं म्हणून तीर्थरूप लिहिलं. नंतर वाचून पाहिलं तर कुणा आजोबांना लिहिल्यासारखं वाटलं. पण खोडलं असतं तर पहिल्याच ओळीत खाडाखोड दिसली असती, म्हणून राहू दिलं. तुझा पत्ता तुमच्या सायकल कंपनीच्या माहितीपत्रकाच्या मागे मिळाला. तू अजून खरेदी विभागातच आहेस असं धरून चाललो आहे. नसशील, तर हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांनी कृपया पुढे वाचू नये.

फोन केला नाही, कारण फोनवर मी अडखळतो आणि तू "पुढे बोल, पुढे बोल" करतोस.

काम छोटं आहे. शर्यतीच्या सायकलला लागणारा गिअरचा पूर्ण संच, म्हणजे दोन्ही लिव्हर, पुढचा-मागचा गिअर, ब्रेक, दातेरी चाकं आणि चेन, तुमच्याकडे दुकानदाराला सध्या काय भावाने पडतो? मधल्या दर्जाचा. फक्त माहितीसाठी विचारतो आहे. इथला घाऊक दुकानदार जो आकडा सांगतो तो मला ऐकण्यात चुकल्यासारखा वाटतो. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं, तर तो म्हणाला, "लिहून देऊ का भिंतीवर?"

बाबा बरे आहेत. कामाच्या ओट्याजवळ स्टूल टाकून बसतात आणि मला सूचना देतात.

मी एक फ्रेम पूर्ण केली आहे. एकट्याने. नळ्या कापण्यापासून शेवटच्या सांध्याच्या झाळकामापर्यंत बाबांनी हात लावलेला नाही. मोठ्या हॉस्पिटलमधल्या एक नर्सबाई आहेत, त्यांची ऑर्डर. एप्रिलमध्ये डोंगरावरची शर्यत असते ना, तू दोनदा गेला होतास ती, त्यात त्यांना उतरायचं आहे. रीत अजून तीच आहे: ऑर्डर घेतली त्याच दिवशी भाव बोलायचा आणि पेडलच्या आडव्या नळीच्या पोटाला ठोकून टाकायचा, म्हणजे पुढे ना आपल्याला फिरता येत, ना गिऱ्हाइकाला. ८५०००. पाचही आकडे एका रेषेत यावेत म्हणून माझी सगळी सकाळ गेली. बाबा म्हणाले, "माझ्या पहिल्या सायकलवर नऊशे होते. तीन घाव घातले आणि जेवायला गेलो. आता पाच घाव. महागाई महागाई म्हणतात ती हीच."

उत्तर सवडीने पाठव. पण पाठव.

तुझा धाकटा भाऊ


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी आणि एक आकडा. आकडा आधी वाचला आणि पत्र पालथं घालून ठेवलं. मग दुकानाचं दार नीट लागत नव्हतं ते बिजागरीला तेल घालून नीट केलं, आणि मग उरलेल्या ओळी वाचल्या.

मी भाव ठोकला तेव्हा हा संच एकवीस हजारांना होता. तू लिहितोस, सेहेचाळीस. कारखान्याने जुना संच बंद केला, नवा काढला, जहाजाचं भाडं चढलं, चलनाचा दर पडला. चारही कारणं तू एका ओळीत बसवलीस. आणि पुढची ओळ: "गिऱ्हाइकाला सांग, भाव बदललाय. सगळे तेच करतात."

दादा, तू हे नेहमीच्या सवयीने लिहिलंस की मुद्दाम, ते मला ठरवता येत नाही.

तुझं शेवटचं वाक्य, की सायकल आता एकतर चपलांच्या भावात मिळते नाहीतर मोटारीच्या, मधली सायकल मेली, ते मी बाबांना वाचून दाखवलं. तुझं नाव घेतलं नाही. वर्तमानपत्रात आलंय म्हटलं.

बाबा म्हणाले, "कोण शहाणा लिहितो?"

"कुणी जाणकार आहे."

"जाणकार असेल तर त्याला विचार, मेली म्हणजे काय. मी कारखान्यात होतो तेव्हा शर्यतीची सायकल म्हणजे सहा महिन्यांचा पगार. तुझा दादा झाला तेव्हा चार. तू झालास तेव्हा तीन. आकडा वर जात होता आणि सायकल खाली येत होती, माणसाच्या हाताला लागत होती. मग बोटी भरभरून माल आला. अठरा गिअर, चकचकीत रंग, आणि भाव आपल्या नुसत्या फ्रेमहूनही कमी. तेव्हाही लोक म्हणाले, मेली. मग त्या काळ्या कार्बनच्या आल्या, बोटावर तोलून धरता येतात त्या. त्यांचा भाव ऐकून लोक आनंदाने फुगले. महाग आहे म्हणजे चांगली असणार. तेव्हाही म्हणाले, मेली. एवढ्यांदा मेलेली बाई अजून माझ्या ओट्यावर उताणी पडली आहे ती कशी?"

मग ते म्हणाले, "वर्तमानपत्र बघू."

मी म्हटलं, शेजारच्याला परत दिलं.

त्यांना कळलं असावं. संध्याकाळी जेवताना एकदम म्हणाले, "डॉक्टर आले होते मागे. चाकाचे आरे कसून घेतले." एवढंच. डॉक्टर अजून तीच फ्रेम चालवतात, तू पितळ भरलेली. तुला त्या दिवसाची आठवण करून देण्याचा माझा हेतू नाही. पण तू "सगळे तेच करतात" लिहिलंस आणि मला त्या फ्रेमचा रंग उतरवला ती सकाळ दिसली. करड्या पोलादात पिवळा डाग. बाबांनी ठोकलेला आकडा बुजवून वर तुझा चढा आकडा. एवढं सफाईचं काम की रंग उतरेपर्यंत कुणाला पत्ता नाही. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, काय सुरेख कानस मारली आहे. आणि बाबा त्याच पावली फरकाचे पैसे घेऊन डॉक्टरांकडे गेले, आणि ते येईपर्यंत तू बॅग भरली होतीस.

हे वाक्य लिहायला नको होतं. पण पान पूर्ण झालं आहे आणि मला तेच पान पुन्हा उतरवून काढायचा कंटाळा आला आहे.

बाबा बरे आहेत.


८ मार्च

दादा,

तुझं पत्र नाही. मी रागावण्यासारखं लिहिलं होतं हे मान्य. तरी लिहितो, कारण इथे हे बोलायला कोणी नाही.

नर्सबाई काल येऊन गेल्या. रात्रपाळी संपवून थेट आल्या. फ्रेम रंगून तयार आहे, गडद निळी. त्या तिच्याभोवती फिरल्या, वाकून खालचा आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "हिला आता श्वास घ्यायला काय लावायचं राहिलंय?"

"गिअरचा संच."

"तो कधी?"

मी म्हटलं, मागवला आहे.

हे खोटं आहे, दादा. मागवलेला नाही.

बाबा स्टुलावरून म्हणाले, "बाई, हा फ्रेम बनवत नाही, तिची परीक्षा घेतो. ती केव्हाच पास झाली. आता हाच नापास व्हायचा राहिलाय."

त्या हसल्या. "तुमचा मुलगा आमच्याकडे असता ना, तर एकेका रुग्णाचा ताप दहा वेळा मोजला असता. ताप उतरायचा आणि माणूस वैतागून मरायचा."

"आम्ही याला शंकासुर म्हणतो," बाबा म्हणाले.

त्या जाताना माझ्याकडे वळल्या. आवाज उतरला होता. "हे बघा, मी चाळिशीची आहे. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असेल, पण गुडघे माझे आहेत. या वर्षी साठवलेली रजा घालून सराव केलाय. एप्रिलमध्ये सायकल मिळणार ना?"

मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली ते मलाच आठवत नाही.

आता खरं काय ते लिहितो. त्यांनी ऑर्डर देताना संचापुरती आगाऊ रक्कम दिली होती. बाबांच्या रीतीप्रमाणे त्याच आठवड्यात संच आणून ठेवायचा असतो. मी आणला नाही. पैसे उडवलेही नाहीत, जसे दिले तसेच डब्यात आहेत. मला वाटलं, पहिलीच फ्रेम आहे, बिघडली तर बाईंना आगाऊ रक्कम परत द्यावी लागेल. संच आणला आणि फ्रेमच वाकडी निघाली तर मी ते पैसे कुठून आणू? म्हणून आधी फ्रेम पाहू, मग संच. फ्रेमला दहा महिने लागले. मागचे दोन सांधे मी तोडून पुन्हा केले. ते तोडायची गरज नव्हती असं बाबा म्हणतात. मलाही आता तसं वाटतं. मी जपून राहत होतो आणि तेवढ्यात भाव निघून गेला.

भाव बदलला असं बाईंना सांगितलं की सुटलो. नाहीतर वरचे पंचवीस हजार मी घालायचे. ते घातले तर पुढच्या फ्रेमच्या नळ्या येत नाहीत, आणि पुढची ऑर्डर एकच आहे, ती गेली की हे दुकान नुसतं पंक्चर काढायचं उरतं.

तिसरा मार्ग तुला माहीत आहे. तू तो इतका छान करून दाखवला होतास.


९ मार्च

दादा,

कालचं पत्र पेटीत टाकून परत आलो आणि झाळकामाची गॅसची ज्योत पेटवली.

रंगावर ओला कपडा गुंडाळला. फक्त आडव्या नळीचं पोट उघडं ठेवलं, कानशीने आकड्यांवरचा रंग काढला. पितळेची कांडी घेतली. बाबा शेजारी हजामत करायला गेले होते. गर्दी असते तिथे, वेळ लागेल असा माझा हिशोब होता. पण हजामाने त्यांना आधी घेतलं असावं. दारात आले तेव्हा गळ्याला अजून साबण होता आणि माझ्या हातात पेटती ज्योत.

मला वाटलं, आता ओरडतील. मग वाटलं, ओरडणार नाहीत, बसतील, आणि ते जास्त वाईट. ते बसलेच. स्टूल ओढून अगदी जवळ. पोलाद तापून लालसर झालं होतं.

"भर," ते म्हणाले.

मी कांडी खाली केली.

"भर की. थंड होईल."

"बाबा, पण तुम्ही दादाला..."

"त्याने माझा आकडा बुजवला. मी डॉक्टरांच्या तोंडावर बोललेला भाव, माझ्या हाताने ठोकलेला. तो माझा शब्द होता, त्याचा नव्हता. ही फ्रेम कुणाची? तुझी. आकडा कुणी ठोकला? तू. मग बुजव नाहीतर ठेव. मला काय विचारतोस? मी काय तुझ्या सायकलचा मालक आहे?"

"तुम्ही काय केलं असतं?"

"मी पहिल्या आठवड्यात संच आणला असता," बाबा म्हणाले, आणि गळ्याचा साबण पुसायला लागले.

दादा, मला ते रागावलेले परवडले असते. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी ज्योत विझवली असती आणि आयुष्यभर म्हणालो असतो की बाबांनी करू दिलं नाही. मी कांडी हातात घेऊन उभा राहिलो. पोलाद लालाचं करडं झालं. मग गॅस बंद केला. नीट बंद झाला का ते पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. चांगुलपणा म्हणून बंद केला असं नाही. बाई वाकून खालचा आकडा बघतात, एवढंच डोक्यात आलं. सायकल घेताना त्या पुन्हा वाकतील, आणि मला त्यांच्या मागे उभं राहून ते बघावं लागेल.

आता एक गोष्ट. तुला प्रत्येक पत्रात बाबा बरे आहेत असं लिहीत आलो. त्यांचा उजवा हात गेल्या वर्षीच्या थंडीपासून थरथरतो. कप धरता येतो, ज्योत धरता येत नाही. बसताना ते तो हात मांडीखाली दाबून धरतात, म्हणजे कुणाला दिसत नाही. ही फ्रेम मी एकट्याने केली ती म्हणूनच. त्यांनी शिकवून संपवलं म्हणून नव्हे, त्यांना जमत नाही म्हणून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, तुझ्या डॉक्टरांनीच. तुला कळवलं नाही याचं कारण तू येशील म्हणून नव्हे. कळवलं आणि तू आला नाहीस, तर ते मला कळेल, म्हणून.

उद्या हॉस्पिटलमध्ये जाऊन बाईंना खरं सांगतो. भाव तोच, संच नाही, सायकल कधी होईल ते सांगता येत नाही. वाक्य पाठ करतो आहे.


११ मार्च

दादा,

गेलो होतो. पाठ केलेलं वाक्य मधूनच आठवलं.

त्या औषधांच्या कपाटासमोर उभ्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे रोग सांगायला आलात, औषध नाही."

"हो."

"किती कमी पडतात?"

मी सांगितलं नाही.

"अहो, मी नर्स आहे. आकडा ऐकून मला चक्कर येत नाही. माझा पगार काही तुमच्या हातोड्याने ठोकून ठेवलेला नाही, निम्मे मी घालते."

मी म्हटलं, तसं चालत नाही. ठोकलेला भाव आहे.

"कुणाला चालत नाही? मी देणार, तुम्ही घेणार, मध्ये तिसरा कोण आहे?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही वाकून बघता."

त्यांनी कपाटाला कुलूप घातलं. मग आतून कुणीतरी हाक मारली. जाता जाता म्हणाल्या, "एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबते. नाही जमलं तर पैसे परत द्या, मी मैत्रिणीची सायकल मागते. तिची उंची माझ्याहून वीतभर कमी आहे, सर्कशीतली अस्वलीण दिसेन, पण जाईन."

तुझ्याकडे मी काही मागत नाही आहे. हे फक्त काय झालं ते.


२७ मार्च

दादा,

खोकं मिळालं. पोस्टमन म्हणाला, आत लोखंड भरलंय का. मी सही करताना माझं नाव चुकलो.

आत पत्र असेल म्हणून सगळे कागद उलगडून पाहिले, चुरगळलेले सुद्धा. पत्र नाही. मग संच काढला आणि ओट्यावर कपडा पसरून मांडला. नवा नाही, हे लगेच दिसलं. बारीक ओरखडे, चेन धुऊन तेल दिलेली, ब्रेकचे तुकडे मात्र नवे. मला वाटलं, तुमच्या कंपनीत बदलून आलेला कुणाचातरी. जुना संच, जो कारखान्याने बंद केला तोच.

बाबा येऊन स्टुलावर बसले. त्यांनी डावी लिव्हर उचलली. उजव्या हाताने, तो मांडीखालून काढून. रबरी आवरण अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालं आहे, उजवीकडे तेवढं नाही. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. लिव्हर थरथरत होती.

"हा अजून डावीकडे कलून बसतो," ते म्हणाले. "किती सांगितलं याला. पाठ जाईल म्हणावं."

मग मला कळलं. मी संच तुझ्या सायकलवरून उतरलेला धरून पुन्हा बघायला लागलो, आणि मग सगळंच तुझं दिसायला लागलं.

दादा, तुझी सायकल आता नुसती फ्रेम आणि दोन चाकं उरली असेल. तू कामाला कशाने जातोस?

आडव्या नळीच्या पोटाला पुन्हा रंग दिला आणि संच बसवायला घेतला. दोन दिवस लागले. मागचा गिअर सरळ होता, तरी मी पुन्हा सरळ केला. बाबा म्हणाले, "शंकासुरा, पुरे." मी हात काढून घेतला.

मग नवीनच अडचण डोक्यात आली आणि झोप उडाली. ८५००० हा भाव नव्या संचाचा आहे. संच जुना लागला. म्हणजे आता मी बाईंकडून जास्त घेतो आहे, आणि आकडा तर खालीही आणता येत नाही.

बाई आल्या तेव्हा पहिल्या दमात हेच सांगितलं. वापरलेला आहे, माझ्या भावाचा आहे, पूर्ण तपासला आहे, पण वापरलेला आहे.

"चालू आहे ना?" त्या म्हणाल्या.

"एकदम."

"मग झालं. मी रोज वापरलेलीच हृदयं बघते, नवी कुणाकडे असतात?"

"पण भाव..."

"अरे देवा. तुम्ही भाव वर गेला तरी रडता, खाली आला तरी रडता. मधे कुठे थांबतो का हा माणूस?" हे त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा म्हणाले, "मधे थांबायलाच शिकवतोय. अजून शिकतोय."

बाईंनी राहिलेले पैसे देऊन ठोकलेला भाव पुरा केला. वाकून आकडा पाहिला, त्यावर बोट फिरवलं, आणि सायकलवर बसून गेल्या. वळणापर्यंत मी चेनचा आवाज ऐकत होतो. आवाज येत नव्हता.


१६ एप्रिल

दादा,

शर्यत झाली. मी डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलो, वर गेलो नाही, कारण वर गेलो असतो तर प्रत्येक वळणावर काहीतरी तुटलेलं दिसलं असतं. बाई निघताना दिसल्या, आणि नंतर उतरताना. त्यांचा नंबर शेवटच्या जथ्यातला. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी सायकल माझ्याकडे दिली, गवतात बसल्या आणि बूट काढले. मग म्हणाल्या, "चौथ्या चढाला मी तुम्हाला शिव्या घातल्या. वर पोचल्यावर परत घेतल्या."

त्यांच्या मागून एक मुलगा आला, हातात ती काळी कार्बनची, मोटारीच्या भावातली. त्याने निळी फ्रेम पाहिली आणि विचारलं, केवढ्याला? बाईंनी सायकल उलटी केली आणि म्हणाल्या, "वाच." त्याने वाचलं. "एवढीच?" असं म्हणाला, की "एवढी?" असं, ते वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. पण त्याने दुकानाचा पत्ता घेतला आहे.

आता कामाचं. संचापुरते एकवीस हजार मी वेगळे ठेवले आहेत. ते आमचे नाहीत. पण ते सगळे तुझेही नाहीत, कारण संच वापरलेला आहे. तुझा भाव जितका कमी असेल तितका फरक बाईंना परत जायला हवा. म्हणजे तू भाव सांगत नाहीस तोवर ना तुझे पैसे पोचतात, ना बाईंचे, ना मला डबा बघवतो. तू अख्ख्या कंपनीचे भाव ठरवतोस, तर हा एक ठरवायला अवघड जाऊ नये.

मी बाबांना म्हटलं, "दादाला लिहून विचारतो, भाव काय."

"लिहून नाही," बाबा म्हणाले.

"का?"

"वापरलेल्या मालाचा भाव पत्रात ठरत नाही. माल समोर ठेवायचा, विकणारा समोर बसवायचा, मग बोलायचं."

"पण माल तर बाईंबरोबर गेला."

बाबांनी उजवा हात मांडीखालून काढला आणि कप उचलला. थोडा सांडला. त्यांनी तो लपवला नाही.

"मग निदान विकणारा तरी बसव," ते म्हणाले.

हे त्यांचे शब्द आहेत, मी यात एकही अक्षर घातलेलं नाही. ते आत्ता ओट्याजवळ बसले आहेत. मी काय लिहितो आहे हे ते दर वेळी विचारतात. आज विचारत नाहीत.

तुझा धाकटा